गिनती दोनपासून

येरवडा कारागृह, पुणे
१६ जानेवारी २०००

शालनला,

सप्रेम जयभीम. हे पत्र तुझ्याआधी वाचणाऱ्या साहेबांनाही जयभीम. अक्षर लागलं नाही तर बोलवा साहेब, वाचून दाखवतो.

सतरंज्यांच्या कामात माझा हात बसला म्हणून मला बक्षीस मिळालंय. बराक बदलली. नवी बराक भिंतीला लागून आहे, आणि भिंतीपलीकडं बाभळी, आणि बाभळीपलीकडं आपलं मैदान. पहिल्याच संध्याकाळी चेंडूचा आवाज आला. मी सतरंजीवर बसलो होतो तो उठून उभाच राहिलो.

आमची इथली कैद्यांची गिनती आणि पोरांची तिथली गिनती जवळजवळ एकाच वेळेला होते. आठवतं का, मी कॅप्टन असताना गोलपोस्टचे बांबू आणि जाळी उचलायची वेळ झाली की पोरं सटकायची. म्हणून सरावानंतर जर्सीच्या नंबरानं एकेकानं ओरडायचं, असं मीच सुरू केलं. शेजारी जेल म्हणून गंमत म्हणून नावही जेलचंच ठेवलं, गिनती. गंमत चांगलीच अंगाशी आली म्हणायची.

तर त्याच संध्याकाळी कोच वैजनाथची शिट्टी झाली आणि पहिलाच आवाज आला, "एक!" गोलकीपरचा एक नंबर. माझा होता, आता सौरभचा. त्याला इथं मुलाखतीला आणू नको असं मीच सांगितलं, त्यामुळे पाच वर्षांत पोराचा आवाज कानावर नव्हता. बाप्या माणसासारखा झालाय गं. मी उलट ओरडणार होतो, शेजारच्यानं तोंडावर हात दाबला. इथं ओरडलं की शिस्त मोडली, आणि शिस्त मोडली की शिक्षेतली माफी कापतात. म्हणून गप्प ऐकतो, पण रोज ऐकतो.

त्याला सांग, बुधवारचा "एक" लेचापेचा होता. जेवत नाही का?

तुझा
पोपट

*

नागपूर चाळ, येरवडा
२४ जानेवारी २०००

सौरभच्या बाबांना,

सप्रेम जयभीम. पत्र सौरभला वाचून दाखवलं. "लेचापेचा"वर हसला. दुसऱ्या दिवशी एवढा ओरडला की मैदानाच्या कडेला चहा विकणाऱ्या सोजरबाईची किटली हिंदकळली. ती मला म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला ऐकू जावं म्हणून माझा चहा का सांडायचा?"

माझी बालवाडी बरी चाललीय. पोरं वाढलीत, खिचडी तेवढीच.

एक नवीन आहे. रस्त्यापलीकडं ती काचेची इमारत उभी राहतेय ना, त्या कॉम्प्युटर कंपनीचे लोक हल्ली वैजनाथ सरांकडे येतात. सगळ्यांना नवे बूट दिले. सौरभनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मापाचा बूट घातला. रात्री उशाशी घेऊन झोपला. एकोणीस वर्षांचा घोडा, पण झोपला.

तब्येत सांभाळा.

शालन

*

येरवडा कारागृह
१३ फेब्रुवारी २०००

शालनला,

सप्रेम जयभीम.

बूट छान. आता ते बूट कुठं चालायला दिलेत ते विचारून ठेव. फुकट बूट देणाऱ्या माणसाच्या मनात काहीतरी रस्ता असतोच.

दोन दिवसांपासून मैदानावर नवी शिट्टी वाजते. कुणीतरी इंग्रजीत ओरडतं. पोरं खूश वाटतात. खूश असू देत. फक्त वैजनाथला माझा निरोप दे की मैदानाच्या बाबतीत कुणी गोड बोललं तर आधी माझी आठवण काढ. पाच वर्षांपूर्वी त्या ठेकेदाराचा माणूस मैदानात कुंपणाचे खांब रोवायला आला तेव्हा मी त्याला ढकललं, तो खड्ड्यात पडला, डोकं दगडावर आपटलं आणि उठला नाही. मला त्याला मारायचं नव्हतं. त्याच्या बायकोला आता कुणाचं पत्र येत नाही, हे मला रोज आठवतं. पण कुंपण झालं नाही. माझ्याकडे धरून ठेवण्यासारखं तेवढंच आहे.

आणि मागच्या मुलाखतीचं सांग. जाळीच्या दोन्हीकडून सगळे एकदम ओरडत होते हे खरं, तरी तुला काहीतरी विचारायचं होतं. बोटांनी जाळी धरून उभी राहिलीस आणि सोजरबाईच्या मुलीच्या लग्नाचं बोलत बसलीस. तुला सोजरबाईच्या मुलीची एवढी काळजी कधीपासून?

पोपट

*

नागपूर चाळ, येरवडा
५ मार्च २०००

सौरभच्या बाबांना,

सप्रेम जयभीम. बालवाडीची तपासणी आहे म्हणून या खेपेला मुलाखतीला येणं व्हायचं नाही. राग मानू नका. काही विचारायचं नव्हतं, उगाच मनात आणू नका.

सौरभचा घसा बसलाय. काही दिवस त्याचा आवाज आला नाही तर काळजी करू नका.

घाईत आहे.

शालन

*

येरवडा कारागृह
१९ मार्च २०००

शालन,

घसा एकाचा बसतो. सगळ्या टीमचा एकदम बसतो का?

मैदानावर काहीच नाही. शिट्टी नाही, चेंडू नाही, गिनती नाही. संध्याकाळी आमची माणसं मोजून होतात आणि मी भिंतीकडं तोंड करून उभा राहतो. बराकीतले आता मला हसत पण नाहीत, म्हणजे माझा चेहरा कसा झाला असेल बघ.

मला एकच दिसतंय. पुन्हा कुंपणाला माणसं आली, पोरं आडवी गेली, आणि सौरभनं हात उचलला. तो माझ्यासारखाच आहे, आधी हात जातो आणि मग डोकं. तसं झालं असेल तर तो कुठं आहे? कुठल्या चौकीत? शालन, तो याच भिंतीच्या आत आला आणि दुसऱ्या बराकीत असला आणि मला कुणी सांगत नसलं, असंही मला वाटून गेलं. काल जेवणाच्या रांगेत मी नव्या पोरांचे चेहरे बघत होतो.

त्याच्यापर्यंत पोचत असेल तर त्याला सांग, मैदान गेलं तरी चालेल, हात उचलू नको. हे मी लिहितोय, मी.

खरं लिही.

पोपट

*

नागपूर चाळ, येरवडा
२६ मार्च २०००

सौरभच्या बाबांना,

तुमचं पत्र वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. असं काही काही झालेलं नाही. सौरभ सुखरूप आहे. त्यानं कुणाला बोट लावलेलं नाही, बाबासाहेबांची शपथ.

पोरांच्या परीक्षा होत्या म्हणून सराव बंद होता. सोमवारपासून पुन्हा सुरू होतोय. गिनती ऐकू येईल. ऐका आणि शांत झोपा.

शालन

*

येरवडा कारागृह
३ एप्रिल २०००

शालन,

ऐकली.

चेंडूचा आवाज नव्हता. नुसतीच गिनती. म्हणजे सराव न करताच बांबू उचलायची शिस्त आली पोरांना, कमाल आहे. चार नंबरला जो खोकत ओरडला तो माझ्या वेळचा बॅक आहे, त्याचे गुडघे गेलेत हे मला माहीत आहे. सात नंबरला सोजरबाई होती. सात नंबर म्हणजे विंगर. सोजरबाई विंगला धावते हे बघायला मी एक महिन्याची माफी सोडायला तयार आहे.

आणि "एक" तू होतीस.

तू आवाज जाड काढलास. बालवाडीत वाघाची गोष्ट सांगताना काढतेस तसा. शालन, आपलं लग्न झाल्यापासून तू मला कितीदा हाक मारलीस, आणि तुझा आवाज मी ओळखणार नाही? मी आधी हसलो. बराकीतल्या सगळ्यांना सांगितलं की ही माझी बायको आहे, आमची गोलकीपर. मग मला रडू आलं आणि ते थांबेना.

एवढं सगळं माझ्यासाठी केलंस म्हणजे लपवायचं तसंच मोठं असणार. माझा मुलगा कुठं आहे?

पोपट

*

प्लेयर्स हॉस्टेल, धायरी
९ एप्रिल २०००

बाबा,

जयभीम. तुम्हाला पहिल्यांदाच पत्र लिहितोय. काय लिहायचं कळत नव्हतं म्हणून एवढे दिवस गेले, सॉरी.

पहिलं म्हणजे थँक्यू. क्लबच्या कमिटीत सगळे म्हणत होते की पोपटदादा मैदानापायी आत बसलाय, त्याच्या घरचा होकार असल्याशिवाय क्लब येरवड्यातून हलणार नाही. मी पण म्हटलं, बाबा हो म्हणाले तरच जाईन. आई तुम्हाला भेटून बाहेर आली तेव्हा वैजनाथ सर आणि मी गेटबाहेरच उभे होतो. आई म्हणाली, "हो म्हणाले." सर तिथंच रडले. मला विश्वासच बसेना. तुम्ही ते मैदान सोडायला हो म्हणालात, माझ्यासाठी.

इथं लॉन एक नंबर आहे. जिम आहे. आता क्लबचं नाव सायबर स्ट्रायकर्स. हसू नका. तीन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट आहे, नंतर कंपनीत ऑफिसला घेऊ म्हणालेत.

पण बाबा, खरं सांगू का, इथं करमत नाही. चारी बाजूंनी कंपाऊंड आहे. रविवारी चार तास बाहेर सोडतात. धायरीहून येरवड्याला दोन बस बदलून जाईपर्यंत अर्धा टाइम जातो. परवा नुसता रस्त्यावर भेळ खायला निघालो तर वॉचमन म्हणाला, "पास हाय का? नाय तर मागं फिर." चौदा एप्रिलला सुट्टी मागितली, नाही म्हणाले, त्या दिवशी मॅच आहे. जयंतीला घरी नाही असं कधीच झालं नव्हतं.

सरावानंतर गिनती नसते. मशीनला कार्ड लावायचं, ते टिक करतं. मी तरी हळूच "एक" म्हणतो. बाजूचा बघतो माझ्याकडं.

तुम्ही मनापासून हो म्हणालात ना? तुम्ही म्हणालात म्हणूनच मी इथं थांबलोय. नाहीतर बॅग उचलून उद्या परत येईन.

तुमचा
सौरभ

*

नागपूर चाळ, येरवडा
११ एप्रिल २०००

सौरभच्या बाबांना,

सप्रेम जयभीम. काही लपवत नाही आता.

क्लब गेला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात टेम्पो आला, जाळी, चेंडू, कपाटातल्या ट्रॉफ्या सगळं भरून धायरीला नेलं. कंपनीनं न घेतलेली पोरं टेम्पोमागं चौकापर्यंत गेली. तुमच्या वेळची काळीपिवळी जर्सी गेली, आता निळी आहे. सौरभला त्यांनी पहिलाच निवडला.

सगळे तुमच्या होकारासाठी अडले होते. मी विचारायलाच आले होते त्या मुलाखतीला. तुम्ही जाळीपलीकडून हसत होतात, आणि पहिलं वाक्य बोललात ते "मैदान कसं आहे?" हे. मी कसा आहे नाही, तू कशी आहेस नाही. मैदान कसं आहे. तेव्हा माझ्या मनानं घेतलं की विचारायचं नाही. बाहेर आले आणि सांगितलं, हो म्हणाले.

मला ते मैदान नको होतं. त्यानं माझा नवरा नेला. सौरभ रोज संध्याकाळी तिथून परत येईपर्यंत माझा जीव टांगलेला असायचा, कारण कंपनी आज बूट देतेय, उद्या खांब घेऊन येणार, आणि हा आडवा जाणार, हे मला दिसत होतं. तुम्हाला ते मार्चमध्ये दिसलं, मला आधीपासून दिसत होतं. म्हणून मी त्याला लांब पाठवला. तुमच्या नावानं पाठवला, कारण माझ्या नावानं तो गेला नसता.

आता वस्तीत कुणी माझ्याशी धड बोलत नाही. ज्यांची पोरं राहिली त्या बाया नळावर मी आले की गप्प होतात. ओव्हाळांच्या घरानं आधी हो म्हटलं म्हणून क्लब गेला, असं म्हणतात. खोटं नाही ते. मैदान क्लब खेळतो तोवरच क्लबकडे होतं. आता तिथं कंपनीच्या गाड्या लागणार आहेत. कुंपणाचे टिनाचे पत्रे मारायला एप्रिल संपताच येणार.

घरी एकटी असते. दोन ताटं धुवायची सवय, एकच धुते.

सौरभनं तुम्हाला पत्र लिहिलंय असं कळलं. तुम्ही फक्त एवढं लिहा की मी हो म्हटलंच नव्हतं. तो दुसऱ्या दिवशी घरी असेल आणि कमिटीलाही तोंड लपवावं लागेल. मग मैदान कदाचित वाचेलही. मला जे म्हणायचं ते म्हणतील, मी ऐकून घेईन. तुमच्या मनाला येईल ते करा. मी तुम्हाला विचारलं नाही ते तेव्हा, आता विचारतेय.

शालन

*

येरवडा कारागृह
२० एप्रिल २०००

सौरभ,

जयभीम. अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे तुझं. शिक्षक बरे होते म्हणायचे.

हो. मी हो म्हटलं होतं. आईनं जाळीतून विचारलं, गोंगाट होता, मी मान हलवून हो सांगितलं. मनापासून. कुणी विचारलं तर हेच सांग. कमिटीत, वस्तीत, तुझ्या आईला कुणी टोचून बोललं तर मोठ्यानं सांग की निर्णय पोपट ओव्हाळचा होता.

बॅग उचलायची नाही. रविवारी पास मिळतो म्हणतोस. ज्या गेटचा पास मिळतो त्याला गेट म्हणत नाहीत बाळा, माझ्याकडून समजून घे. तीन वर्षं नीट काढ. डाव्या बाजूला झेप घेताना तू उशीर करतोस असं वैजनाथ पूर्वी म्हणायचा, तिकडं लक्ष दे. आणि कुणी अंगावर आलं तर हात फक्त चेंडूसाठी वर जाऊ दे.

सायबर स्ट्रायकर्सला हसलो. माफ कर.

तुझा
बाबा

*

येरवडा कारागृह
२० एप्रिल २०००

शालन,

सप्रेम जयभीम. सौरभला लिहून टाकलं, मी हो म्हटलं होतं. आता ते खोटं एकट्या तुझं नाही.

मी तुझ्यावर चिडलो नाही असं लिहिणार नाही. माझी पाच वर्षं त्या चार खांबांच्या खड्ड्यात गेली आणि तू एका शब्दात सगळं देऊन टाकलंस. मी सुटून येईन तेव्हा पोरं मला विचारतील, पोपटदादा, तुम्हीच दिलं ना? आणि मला हो म्हणावं लागेल. तिथं माझ्या नावाचं एक माणूस उभं होतं वस्तीत, ते मी आज स्वतःच्या हातानं खाली बसवलं. मला याचं फार वाईट वाटतं शालन.

पण जेवणाच्या रांगेत मी सौरभचा चेहरा शोधत होतो, ते मला विसरता येत नाही. तो त्या रांगेत नाही. तू त्याला तिथून काढलंस. मी बाहेर असतो तरी मला जमलं नसतं.

मुलाखतीला ये. तू कशी आहेस, हे आधी विचारीन.

आणि पत्रे मारायच्या आधी शेवटची गिनती होईल ना? तिथं तू वाघाचा आवाज काढू नको. दोनपासून सुरू करा. पहिली जागा मोकळी ठेवा आणि जरा थांबा. मोकळ्या जागेला कुणाची परवानगी लागत नाही, साहेबांनाही हे वाचून हरकत नसावी.

पोपट

*

नागपूर चाळ, येरवडा
१ मे २०००

सौरभच्या बाबांना,

सप्रेम जयभीम.

उद्या सकाळी पत्रे येणार म्हणून काल रविवारी शेवटची गिनती घेतली. जुने खेळाडू होते, राहिलेली पोरं होती, सोजरबाई सात नंबरला होती. नळावरच्या दोघी पण आल्या. बोलल्या नाहीत, पण माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. सौरभनं वस्तीत सगळीकडं सांगितलंय की बाबांनीच हो म्हटलं. आता तुमच्याबद्दल काय काय बोलतात ते लिहीत नाही. मी ऐकते आणि मान खाली घालते, आधी माझ्यासाठी घालत होते, आता तुमच्यासाठी.

सौरभ आला. पास काढून, दोन बस बदलून, निळ्या जर्सीतच. आला तेव्हा सगळे रांगेत उभे होते. तो आपसूक पहिल्या जागेवर जाऊन उभा राहिला. मी त्याचा दंड धरून त्याला बाजूला घेतलं आणि म्हटलं, ही जागा भरलेली आहे. त्याला कळेना. सोजरबाईनं तोंडात बोटं घालून शिट्टी मारली.

आम्ही थांबलो. काही आलं नाही. बाभळीत साळुंक्या ओरडत होत्या, रस्त्यावरून रिक्षा जात होत्या. एक जुना खेळाडू म्हणाला, "वहिनी, दोन म्हणू का?" मी म्हटलं, थांबा.

मग आलं.

भिंतीपलीकडून, एकदाच. तुम्ही गोलमध्ये उभे राहून ओरडायचात तसंच, शेवट जरा लांबवून. नंतर आत शिट्ट्या झाल्या, कुणीतरी धावल्यासारखं वाटलं.

सौरभनं पाच वर्षांत तुमचा आवाज ऐकला नव्हता. तो भिंतीकडं बघत राहिला. मला वाटलं धावत जाईल. गेला नाही. माझ्या बाजूला सरकून दुसऱ्या जागेवर उभा राहिला, डोळे पुसले नाहीत, आणि सगळ्या येरवड्याला ऐकू जाईल असं ओरडला, "दोन!"

मग सगळे पुढे. सोजरबाईचा सात सगळ्यांत मोठा होता.

मी मुलाखतीला येतेय. तोपर्यंत किती माफी कापली ते लिहा. आणि आता तुमची पाळी, खरं लिहा.

तुमची
शालन